सत्तर हजारांत गेमिंग लॅपटॉप: आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल असा कोणता?

सातपुडा_एक्सप्रेस (चोपडा तालुका)

नमस्कार मंडळी. कॅप राउंडला (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या फेरीत) शिरपूरला कॉम्प्युटर शाखा मिळाली, म्हणजे आता चार वर्षं हॉस्टेल. लॅपटॉप घ्यायचाय आणि खरं बोलायचं तर गेमिंगचाच घ्यायचाय. व्हॅलोरंट, सीएस २ आणि जीटीए ५ एवढं न अडखळता चाललं पाहिजे. अभ्यासाचंही चालेलच, तो काय गेमपेक्षा जड नसतो म्हणे.

बजेट सत्तर. फारच पटवलं तर पंच्याहत्तर. त्याच्यापुढे बोलायची सोय नाही, कारण कापूस अजून झाडावर आहे आणि केळीच्या भावाचं तुम्हाला माहीतच आहे. बाबांना मोबाइलवर एका लॅपटॉपचा फोटो दाखवला, तर त्यात नेमका लाल-निळा कीबोर्ड चमकत होता. म्हणे, "इतला पैसा खेळाले लागस का रे?" मी म्हटलं यावर मशीन लर्निंग पण चालतं. ते काय असतं विचारल्यावर मलाही धड सांगता आलं नाही.

तर यादी घासून घासून तीन उरलेत. एक एचपी व्हिक्टस, प्रोसेसर रायझन ५ ५६०० एच, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५० चार जीबी, रॅम ८. दुसरा असुस टफ ए १५, रायझन ७ ७४३५ एचएस, त्यालाही ३०५० चार जीबीच, पण रॅम १६. तिसरा लेनोवो लॉक (एलओक्यू), आय-५ बारावी पिढी, ३०५० सहा जीबी, रॅम १२. मित्र म्हणतो सगळं सोड, आरटीएक्स ४०५० कार्डवाला घे. पण ४०५० वाले माझ्या बजेटच्या कुंपणावर बसलेत, सेलमध्ये कधी आत येतात कधी बाहेर.

आणि खरी भीती वेगळीच आहे. घराला वर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी माझा मोबाइलच गरम होऊन कॅमेरा बंद करतो. परीक्षा आणि सबमिशन त्याच दिवसांत येतात. लॅपटॉप टिकेल का? यूट्यूबवरचे सगळे रिव्ह्यू एसीत बसून केलेले दिसतात.

रात्रपाळी_धुळे

४०५० च्या खाली बघूच नको भावा. चार जीबीची कार्डं आता जुनी झाली. नवीन गेम उघडला की टेक्स्चर खाली करा, शॅडो खाली करा, शेवटी गेम ओळखू येत नाही. महिनाभर थांब, पाच हजार मामाकडून घे, पण ४०५० घे.

जंक्शन_रिपेअर (भुसावळ)

भो, मी भुसावळात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझ्याकडे नवं मशीन कुणी कौतुकाने दाखवायला आणत नाही, बंद पडल्यावरच आणतात. त्यामुळे माझं मत बंद पडलेल्या मशिनींवरून बनलंय हे आधी सांगतो, त्या हिशोबाने घे.

तू विचारलेला उन्हाचा प्रश्न सगळ्यात आधी घेतो, कारण त्याच्यावरच बाकी सगळं ठरतं. लॅपटॉपसोबत जे पुस्तक येतं ना, जे कुणी उघडत नाही, त्याच्या मागच्या पानांवर बहुतेक कंपन्यांनी लिहिलेलं असतं की भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असताना वापरा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तोही सावलीत. पत्र्याखाली किती होतं ते तूच मोज. म्हणजे तीन महिने दुपारी आपण कंपनीच्या हिशोबाच्या बाहेर असतो. म्हणून लगेच जळत नाही. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो, जीव वाचवतो. गेम अडखळायला लागतो आणि पोरं म्हणतात कार्ड कमजोर आहे. कार्ड कमजोर नसतं, खोली गरम असते.

आता रात्रपाळी भाऊंनी ४०५० सांगितलं. चुकीचं नाही, पण अर्धं आहे. लॅपटॉपच्या कार्डाचा नुसता नंबर बघून काही कळत नाही. ३०५० हेच नाव ३५ वॉटवर चालणाऱ्या कार्डालाही आहे आणि ८० वॉटवाल्यालाही. ४०५० चं तर ३५ पासून ११५ पर्यंत आहे. नंबर म्हणजे मोटरीवरची पाटी समज, आणि वॉट म्हणजे ती खरंच किती पाणी फेकते ते. पातळ, चपट्या बॉडीत कमी वॉटचं ४०५० बसवतात आणि त्यापेक्षा जाड बॉडीतलं, मोकळा श्वास घेणारं ३०५० रोजच्या खेळात फार मागे राहत नाही. वॉटचा आकडा कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पूर्ण माहितीपत्रकात असतो, 'टीजीपी' नावाने. सेलच्या पानावर सहसा नसतो. जिथे हा आकडा लपवलेलाच आहे, तिथे तो सांगण्यासारखा नसावा असं मी धरतो.

म्हणून माझा सल्ला असा की बॉडी बघ. मागच्या बाजूला आणि कडेला हवा बाहेर फेकायला जाळ्या आहेत का, दोन पंखे आहेत का, खालचे रबरी पाय बऱ्यापैकी उंच आहेत का. दुकानात हातात घेऊन उलटा करून बघ, दुकानदार हसला तर हसू दे. पातळ आणि हलका गेमिंग लॅपटॉप आपल्याकडे घेऊ नये. पुण्यात घ्या, बंगळुरूत घ्या.

तुझ्या तिघांपैकी मी लॉक घेईन. सहा जीबीमुळे. तू सांगितलेले तिन्ही गेम चार जीबीतही निघतील, व्हॅलोरंट आणि सीएस २ तर कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त चालतात. पण चार वर्षं काढायची आहेत आणि नवे गेम चार जीबीत गुदमरतात, एवढं रात्रपाळी भाऊंचं खरं आहे. जीटीए ६ जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी, त्याच्यासाठी आज लॅपटॉप निवडायचं कारण नाही.

टफची बॉडी चांगली आहे, माझी त्या बॉडीबद्दल तक्रार नाही. पण त्यातल्या ७४३५ एचएस मध्ये एक गोम आहे जी विकणारा सांगत नाही. त्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्सच नाही. दुसऱ्या लॅपटॉपमध्ये तू नुसती पीडीएफ वाचत असलास तर मोठं कार्ड झोपलेलं असतं आणि छोटं ग्राफिक्स काम करतं. इथे पीडीएफलाही मोठंच कार्ड जागं ठेवावं लागतं. बॅटरी भरभर उतरते. घरी कायम प्लग लावून खेळणाऱ्याला काही फरक नाही, लेक्चरला नेणाऱ्याला आहे.

व्हिक्टसमध्ये ८ जीबी आहे, तिथेच मी थांबलो. आठमध्ये विंडोज, क्रोम आणि गेम एकत्र मावत नाहीत. पूर्वी आम्हीच सांगायचो की आठची घे, नंतर एक पट्टी टाकून देतो, स्वस्तात काम होतं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की तो हिशोब मोडला. आता ज्यात आधीच जास्त रॅम आहे ते घेणं बरं. १६ असेल तर उत्तम, १२ ने सुरुवात चालेल.

आता थोडं आपल्या गावाकडचं. तुझ्या घरी कापूस भरून ठेवतात का? भाव वाढेल म्हणून अख्खी खोली भरलेली असते ना, त्याच खोलीत पोरगा लॅपटॉप घेऊन बसतो. मी हे सांगतोय कारण हीटसिंकच्या (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीत बसलेला कापसाचा थर मी चिमट्याने काढतो, अगदी गोधडीच्या अस्तरासारखी पट्टी निघते. त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ. हवा जायला जागाच नाही, मग पंखा ओरडतो आणि मशीन बंद होतं. वर्षातून एकदा, मार्चच्या आत, साफ करून घे. घरी ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याची पाती काडीने अडकवून धर. पंखा ब्लोअरच्या हवेने भणभण फिरवायची पोरांना मजा वाटते, त्यात बेअरिंग जातं.

कूलर. आपल्याकडची हवा मे मध्ये कोरडी असते म्हणून कूलर झकास गारवा देतो आणि खोली थंड असणं हाच लॅपटॉपचा सगळ्यात चांगला इलाज. पण कूलरच्या तोंडासमोर ठेवू नको. पाण्याचे तुषार उडतात आणि ओलसर हवा पंखा आत ओढतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बस. आणि पावसाळ्यात दमट हवेत तोच कूलर लावून बसू नको, तेव्हा तो नुसता ओलावा वाढवतो.

वीज. दीपनगरचं केंद्र माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, तरी माझीही लाइट जाते, ते असो. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी त्याला काही होत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझरवर पैसे घालू नको. भीती उलटी आहे. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला की घरात एकदम जास्त व्होल्टेज येतं आणि अडॅप्टर, कधी बोर्डसुद्धा, उडतो. वादळी पावसात लाइट झपझप करायला लागली की प्लग काढ, बॅटरीवर चालव. चांगला स्पाइक गार्ड बसव. तिसरी पिन कापू नको, दोन पिनचा कन्व्हर्टर लावू नको. अर्थिंग नसलं की लॅपटॉपच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, पोरं घाबरून मशीन माझ्याकडे आणतात. मशिनीत काही नसतं, घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकलेलं नसतं.

कटिंग_चहा (धुळे, तिसरं वर्ष)

जंक्शन दादांनी सगळं सांगितलं, मी फक्त वर्गातल्या बाकावरून बोलते.

पहिल्या वर्षी तुला याची घाई नाही. पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स, ड्रॉइंगच्या शीट्स आणि प्रोग्रामिंगची सुरुवात. तेवढ्याला कॉलेजची लॅब पुरते. खरी गरज दुसऱ्या वर्षापासून लागते, डेटा स्ट्रक्चर आणि मग अँड्रॉइड स्टुडिओ आला की आठ जीबीवाले रडतात हे मी रोज बघते. मशीन लर्निंगचं म्हणशील तर एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी पडतं कारण बहुतेक लायब्ररी त्याच्यावरच सरळ चालतात, पण मोठं काही ट्रेन करायचं असेल तर गूगल कोलॅबवर फुकटात जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) मिळतो. आमच्या बॅचचे बरेच मिनी प्रोजेक्ट तिथेच झालेत. बाबांना सांगताना खोटं सांगायची गरज नाही, एवढं म्हण की आठ तास जड काम ओढणारं मशीन आहे.

दुसरं, वजन. हे सगळे सव्वादोन-अडीच किलोच्या घरात जातात आणि अडॅप्टर वेगळा, तो विटेएवढा. शिरपूरच्या एसटीत पाठीवर घेऊन उभं राहून बघ. वर्गात प्लग शेवटच्या बाकांजवळ असतात, म्हणून गेमिंग लॅपटॉपवाले सगळे शेवटच्या बाकावर, हे काही योगायोगाने झालेलं नाही. लायब्ररीत पंख्याचा आवाज सुरू झाला की सगळे मान वळवतात.

तिसरं कुणी बोललं नाही म्हणून बोलते: स्क्रीन. या किमतीत बरेचदा '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला, म्हणजे कमी रंग दाखवणारा पॅनल देतात. १४४ हर्ट्झ (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) मोठ्या अक्षरांत आणि हे बारीक अक्षरांत. रंग धुतल्यासारखे दिसतात, पिवळ्याला पिवळा म्हणायला जीव होत नाही. खेळायला चालतो. तुला डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग यात रस असेल तर '१०० टक्के एसआरजीबी' शोध, नसेल तर सोडून दे. मला घ्यायचा असता तर मी रॅमपेक्षा आधी स्क्रीनवर पैसे दिले असते, पण मी पोस्टर करते, तू गोळ्या मारणार.

सातपुडा_एक्सप्रेस

दादा, ताई, खूप आभार. कापसाचं वाचून मी आमच्या मधल्या खोलीकडे बघितलं. अगदी तीच खोली.

दोन शंका. एक, सेकंडहँड घेतला तर याच पैशांत ४०५० किंवा ४०६० मिळतो असं ओएलएक्सवर दिसतं, घ्यावा का? दुसरी, कूलिंग पॅड घ्यावं का? आणि दादा, रात्री खेळताना गरम झालंच तर सेटिंगमध्ये काही करता येतं का?

जंक्शन_रिपेअर (भुसावळ)

सेकंडहँड गेमिंग लॅपटॉप म्हणजे दुसऱ्याने दोन उन्हाळे रगडलेलं मशीन. माझ्यासारखा ओळखीचा माणूस उघडून बघणार असेल तर घे, फोटो बघून घेऊ नको. बघताना खालचं झाकण फुगलंय का, टचपॅड वर उचललाय का ते आधी बघ, तसं असेल तर बॅटरी फुगलेली आहे, सरळ परत फिर. बिजागरी उघड-मीट करून बघ, कोपऱ्यातून कड-कड आवाज आला तर बॉडी सुटलेली आहे. हे सगळं ठीक असलं तरी पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी वॉरंटीवालंच सांगेन.

वॉरंटीवरून आठवलं. 'ऑनसाइट' लिहिलेलं असलं तरी आपल्या तालुक्याच्या पिनकोडला माणूस घरी येतो का ते घेण्याआधी कंपनीच्या नंबरवर विचार. एका ग्राहकाला घरी येऊ म्हणून सांगून मग नाशिकला आणून द्या म्हटलं होतं. एक दिवस, दोन एसटी आणि पोराच्या बापाची मजुरी बुडाली.

कूलिंग पॅड स्वस्तातलं घेऊ नको, नुसता लाइट आणि आवाज. मागची बाजू दोन इंच उचलली तरी बराच फरक पडतो, लाकडी पट्टी चालते. गादीवर, चादरीवर ठेवून खेळू नको, खालची जाळी बंद होते. हॉस्टेलच्या पोरांची निम्मी मशिनी गादीमुळे येतात माझ्याकडे.

सेटिंग. पहिलं म्हणजे गेमच्या फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांध. जीटीए ५ ला १४४ फ्रेम कशाला पाहिजेत, व्हॅलोरंटला हव्या असतील तर तेवढ्यापुरत्या सोड. दुसरं, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रगत सेटिंगला जाऊन 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ कर. एका टक्क्याने काय होणार म्हणशील, पण त्याने टर्बो (प्रोसेसरचा वरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान चांगलं उतरतं. मे-जूनपुरतं ठेव, पावसाळ्यात परत १०० कर. काही मॉडेलांत ही नोंद लपवलेली असते, तिथे कंपनीच्या ॲपमधला शांत मोड लाव. आणि प्लगवरच खेळणार असशील तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेकदा त्याच ॲपमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी चालू कर. कायम १०० टक्के भरलेली आणि कायम गरम, यातून बॅटऱ्या फुगतात.

केळी_बागायत (रावेर)

पोरा, मुलीसाठी मागच्याच वर्षी हे सगळं केलं म्हणून बापाच्या बाजूने एक सांगतो. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे पूर्ण फुकट नाही. व्याजाच्या भागावर जीएसटी आणि वर बँकेची प्रोसेसिंग फी लागते, शिवाय रोख घेताना मिळणारी सूट काही वेळा ईएमआयवर मिळत नाही. दोन्ही रकमा कागदावर मांडून बघ. कापूस दिवाळीला घरात येणार असेल तर तुझी ताई म्हणते तसं थांबायला हरकत काय? मोठे सेलही दसरा-दिवाळीच्या आधी येतात. पहिल्या वेचणीचा पैसा लॅपटॉपला लावू असं वडिलांना म्हण, ते मानतील. कर्जाने आणलेल्या वस्तूवर पोरगा खेळताना दिसला की बापाला झोप येत नाही रे.

सातपुडा_एक्सप्रेस

काका, हे बाबांना वाचून दाखवलं. "बराबर सांगस तो," म्हणाले. म्हणजे दिवाळीपर्यंत थांबायचं नक्की. तोवर ४०५० बजेटमध्ये आला आणि जाड बॉडीतला, वॉट लिहिलेला असला तर तो, नाहीतर लॉक. ऑनलाइन मागवला तर काय बघून घ्यावं?

जंक्शन_रिपेअर (भुसावळ)

'ओपन बॉक्स डिलिव्हरी' असेल तरच मागव. पोऱ्याच्या समोर उघड, बॉक्सवरचा आणि लॅपटॉपच्या खालचा सिरियल नंबर जुळतो का बघ, मगच ओटीपी सांग. उघडतानाचा व्हिडिओ एका हाताने सलग काढ. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू दाखवते ते त्याच दिवशी बघ, जुनी दाखवली तर बिल पाठवून लगेच दुरुस्त करून घे. बदलून देण्याची मुदत थोडीच असते, त्या मुदतीतच दुपारच्या उन्हात तासभर जीटीए चालवून बघ. एसीच्या दुकानात नाही, तुझ्या पत्र्याखाली. बंद पडला तर परत कर.

आणि लॉकची १२ जीबी ही बहुधा एकच पट्टी असते, दुसरा स्लॉट रिकामा. मॉडेलचं माहितीपत्रक बघून खात्री कर. भाव उतरले की दुसरी डीडीआर ५ ची पट्टी टाकायला भुसावळला आलास तर मजुरी घेणार नाही, चहा तू पाज.